तिरकं दार

“हे दार कुणाचं, नाना?”

केतकीनं वर्तमानपत्राचं कात्रण नानांच्या नाकासमोर धरलं. फोटोत एका नव्या नाटकाचा सेट होता. सेटवर एक घर, आणि घराच्या उजव्या अंगाला एक दार. चौकटीसकट कललेलं.

नाना स्टोव्हवर खळ शिजवत होते. कणकेची खळ, कागद चिकटवायला. त्यांनी मान वर केली नाही.

“बस की.”

“बसायला नाही आले.”

“मग उभी ऱ्हा. हात थांबला तर खळ करपंल.”

नाना म्हणजे ज्ञानू मेस्त्री. कोल्हापुरात पन्नास वर्षं नाटकांचे सेट ठोकलेला माणूस. केतकी कॉलेजात असताना तीन वर्षं त्यांच्याच हाताखाली होती, वाकडे खिळे हातोडीनं सरळ करायला. पुढं ती पुण्याला गेली, रीतसर नेपथ्य शिकली, बक्षिसं मिळवून परत आली. आता ती मुलांना घरच्या घरी नेपथ्य कसं करायचं ते शिकवते. चपलांच्या खोक्यातला रंगमंच, काडेपेट्यांचं कपाट, जुन्या दुपट्ट्याचा पडदा. तिचं त्यावरचं पुस्तक गावभर झालंय. फोटो तर इतके देखणे, की आयाच ते मुलांच्या हाती लागू देत नाहीत.

एकच गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिच्या स्वतःच्या मुलीनं, नऊ वर्षांच्या रेवानं, तीन महिन्यांत एकाही खोक्याला हात लावलेला नव्हता.

निदान घरी तरी नाही.

दर रविवारी सकाळी रेवा नानांकडे यायची आणि दुपारी रिकाम्या हातानं परतायची. गुडघे मळलेले, बाहीला वाळलेली खळ. आज काय केलं विचारलं, की म्हणायची, “काही नाही.” काही नाही करायला कुणी तीन-तीन तास धावत जातं का? केतकीच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. आणि परवा तिनं नानांचं ते नाटक पाहिलं. पात्र आत आलं, दार मोकळं सोडून पुढं गेलं, आणि ते कललेलं दार सावकाश, आपलं आपण मिटलं. थिएटरनं टाळ्या वाजवल्या.

केतकीनं नाही वाजवल्या. ते दार तिनं आधी पाहिलं होतं. तीन महिन्यांपूर्वी, जेवणाच्या टेबलावर, चपलांच्या खोक्यात.

“सांगा ना, नाना. कुणाचं दार?”

“तुझ्या पोरीचं.”

इतक्या सरळ उत्तराची तिनं तयारीच केली नव्हती. नाना नाही म्हणतील, आठवत नाही म्हणतील, वय झालं म्हणतील, असं सगळं धरून ती आली होती. गुन्हेगार लगेच कबूल झाला की त्यातही काहीतरी डाव असणार, असं तिला वाटलं.

“म्हणजे चोरलंत?”

“घेतलं.”

“विचारून?”

“तर! विचारलं की.”

“काय म्हणाली?”

नानांनी चमच्यावरची खळ बोटानं पाहिली.

“म्हणाली, घ्या. आमच्या घरात लागत न्हाई.”

“म्हणजे काय?”

नाना खळ ढवळत राहिले...

केतकीचा पारा चढत होता. तिनं घरून निघतानाच ठरवलं होतं. आज रेवाला हाताला धरून न्यायचं आणि पुन्हा इकडे पाठवायचं नाही. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यातली कल्पना उचलून टाळ्या घेणारा माणूस कितीही म्हातारा असला, तरी त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? आणि तरीही आत कुठंतरी दुसरीच गोष्ट टोचत होती. नाना तिच्या मुलीकडून काढून घेत होते त्यापेक्षा, मुलगी त्यांना ते देत होती, याचा तिला जास्त राग आला होता. आपल्याला का देत नाही? हा प्रश्न तिला रोज जेवणाच्या टेबलावर छळायचा.

माजघराचं दार लोटलेलं होतं. आतून कुजबुज येत होती. केतकीनं त्या दिशेनं एक पाऊल टाकलं. कुजबुज थांबली.

“आत कोण आहे?”

“पोरं.”

“काय करतायत?”

“काम.”

“बघते मी.”

“मोठ्या माणसांस्नी आत येता येत न्हाई.”

“का?”

“हात असत्यात त्यांस्नी.”

“मुलांना नसतात?”

“त्यांचं कामात असत्यात.”

केतकी हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. “नाना, लपवण्यासारखं नसेल तर दार उघडायला हरकत काय आहे?”

नानांनी स्टोव्ह बंद केला. धोतराला हात पुसले. मग तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. पोरगी वाळली आहे का जाड झाली आहे, असं लेकीकडे बघावं तसं.

“एका बोलीवर.”

“कुठल्या?”

“पडद्याची दोरी धरायची. सुटली न्हाई पायजे.”

बस, एवढंच? केतकीला अधिकच शंका आली. पण ती आत गेली.

माजघरात अर्धा भाग रिकामा आणि अर्ध्या भागापुढं पडदा. तुळईला कप्पी, कप्पीवरून दोरी, पडद्याच्या खालच्या काठात ओवलेला वेळू. जुन्या कंपन्यांच्या पडद्याचीच ती लहान आवृत्ती होती. पडदा मात्र हळदी रंगाच्या इरकल साडीचा.

“ही माझी साडी आहे!”

दिवाळीपासून ती ही साडी शोधत होती. कामवाल्या मावशींवरही तिचा वहीम गेला होता. तिनं नानांकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर घाम फुटला असता.

“इचारून आण म्हटलं हुतं मी,” नाना म्हणाले.

“मला कुणी विचारलेलं नाही.”

पडद्याआडून रेवाचा आवाज आला. “विचारलं होतं. तू हं म्हणालीस.”

केतकी कामात असली की हं म्हणते, हे तिचं तिलाही माहीत होतं. कशाकशाला हं म्हटलं असेल, ते मात्र माहीत नव्हतं.

नानांनी दोरी ओढून पडदा वर घेतला आणि दोरी तिच्या उजव्या हातात दिली. वेळूचं वजन हातावर आलं. तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. हाताच्या उंचीवर एक लोखंडी आकडा होता, दोरीनं घासून घासून चकचकीत झालेला.

“आकडा आहे की इथं!”

“हाय.”

“मग त्याला गुंडाळा ना.”

“एरवी त्यालाच गुंडाळतो.”

“आज काय झालं?”

नाना कोपऱ्यातल्या पाटावर जाऊन बसले...

समोर खोक्यांचं घर होतं. केतकीच्या तयार नजरेनं एका क्षणात त्यातल्या सात चुका काढल्या. खिडकी छताला टेकलेली. भिंतीला दोन रंग, एक मध्येच संपलेला. टेबल माणसापेक्षा उंच. आणि उजवीकडे ते दार. टीव्हीच्या खोक्याचं, कापडी पट्टीनं चौकटीला चिकटवलेलं आणि चौकटीसकट कललेलं.

टेबलाशी शाहीन बसली होती, नानांच्या शेजारची. केसांत पेन्सिल खोचलेली. पुढं कागदाचे कपटे. ती आई झाली होती हे कुणी सांगायची गरज नव्हती. केतकीचा डावा हात आपसूक स्वतःच्या केसांकडे गेला. तिथं पेन्सिल होती.

नाटक सुरू झालं.

धैर्यशील नावाचा एक गुबगुबीत मुलगा पाहुणा होऊन दारातून आला. या नाटकात एकच पाहुणा होता आणि तोच सारखा येत-जात होता. कधी दूधवाला, कधी काका, कधी कुरिअर. पहिल्या खेपेला त्यानं दार पाठीनं अडवून उघडंच ठेवलं. रेवा दाराच्या बाहेरच्या अंगाला बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होती. टेबलावरचे कपटे उडाले.

“दार लावा!” शाहीन किंचाळली. “किती वेळा सांगायचं? माझे कागद उडतायत!”

हुबेहूब. ‘किती’वरचा तो हेलसुद्धा. बाल्कनीतून वारा येतो, मॉडेलचे कापलेले तुकडे उडतात, आणि केतकी दिवसातून वीस वेळा हेच ओरडते. आपण इतकं ओरडतो? तिचे कान गरम झाले. घरातल्या गोष्टी इथं येऊन सांगायला कुणी शिकवलं पोरीला? तिनं नानांकडे रोखून पाहिलं.

नाना पाटावर डोळे मिटून बसले होते. झोपले होते की काय, कोण जाणे.

दुसऱ्या खेपेला पाहुणा आत आला. या वेळी त्यानं दार मोकळं सोडलं. ते मिटायला लागलं आणि अर्ध्यावर अडकलं. खालचा कोपरा जमिनीला घासत होता. चौकट डुगडुगली.

केतकीला काय झालंय ते तत्काळ कळलं. चौकट बोटभर सरळ केली की काम झालं असतं. दोन पावलांवर तर होती. तिचा उजवा हात पुढं गेला.

दोरी सैल पडली. पडदा सर्रकन वीतभर खाली आला आणि वेळू धैर्यशीलच्या डोक्याजवळ थांबला.

“पडदा!” तो ओरडला.

तिनं दोरी आवळली. तळहात चरचरला. वेळू वर गेला. रेवानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही... ओळखीनं. ते बघणं केतकीला आठवलं.

तीन महिन्यांपूर्वी पुस्तकाचे फोटो काढायचे होते. रेवाच्या खोक्यातलं दार कललेलं होतं. फोटोत वाईट दिसेल म्हणून केतकीनं ते उपटलं, गुण्यात, म्हणजे अगदी काटकोनात बसवून डिंकानं पक्कं केलं. सुरेख झालं. रेवा शाळेतून आली, दाराला बोट लावलं. दार हललं नाही. तिनं आईकडे असंच पाहिलं होतं. केतकी म्हणाली होती, “बघ, आता कसं सरळ झालं!”

रेवा आता दारापाशी उकिडवी बसली. खालून पाहिलं, वरून पाहिलं. केतकीचे ओठ हलत होते. सांगू का? सांगितलं तर निदान हात तर लागणार नाहीत... पण तिनं ओठ दाबून धरले. किती वेळ गेला देव जाणे. हाताला रग लागली. दोरी तळव्यात रुतत होती.

रेवानं रिकामी काडेपेटी चपटी केली, चौकटीच्या एका पायाखाली सारली. दार आणखी कललं. केतकीला ते बघवेना.

“ये रे परत,” रेवा म्हणाली.

पाहुणा बाहेर गेला, पुन्हा आला. दार मोकळं सोडलं. दार थोडं थबकलं, आणि मग सावकाश, कुरकुर न करता, आपलं आपण मिटलं. रेवा बाहेरून पुन्हा पुठ्ठ्यानं वारा घालत होती. वारा दारावर आपटला. टेबलावरचा एकही कपटा हलला नाही.

शाहीननं ओरडायला तोंड उघडलं होतं. ओरडण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिनं तोंड मिटलं आणि मान खाली घालून ती काम करत राहिली. दाराकडे तिनं पाहिलंच नाही.

नाटक संपलं.

केतकी दोरी धरून तशीच उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि डोळे पुसायला डावा हात मोकळा आहे, हेही तिच्या ध्यानात नव्हतं. ते दार पोरीनं तिच्यासाठी केलं होतं. तिला ओरडावं लागू नये म्हणून. आणि तिनं ते डिंकानं चिकटवून, वरून चांगला प्रकाश टाकून, त्याचा फोटो पुस्तकात छापला होता.

“सोड आता,” नाना पाटावरून म्हणाले. म्हणजे झोपले नव्हते.

पडदा खाली आला. त्याच्याखालून रेवा सरपटत बाहेर आली. गुडघे मळले ते असे. तिनं आईच्या हातातली दोरी पाहिली, भिंतीवरचा रिकामा आकडा पाहिला.

“तू धरली होतीस?”

“हो.”

“सगळा वेळ?”

“एकदा सुटली. नंतर सगळा वेळ.”

रेवानं थोडा विचार केला. मग ती पुन्हा पडद्याखालून आत गेली. केतकीला ठाऊक होतं ती कशाला गेली ते. दार आहे तसंच आहे ना, ते बघायला. तिचा संशय रास्त होता.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक चपटी काडेपेटी होती. “ही जास्तीची आहे. घरच्या खोक्यातल्या दाराला लावून बघायची. पण आधी तुझा डिंक सुटला पाहिजे.”

“कोमट पाण्यानं सुटतो,” केतकी म्हणाली. लगेच जीभ चावली. “म्हणजे... तूच सोडव.”

“मला भूक लागलीये,” रेवा म्हणाली आणि चपला शोधायला ओसरीवर पळाली.

केतकीनं कात्रणाची घडी घालून पर्समध्ये टाकली. काय म्हणायला आलो होतो, ते आता कोणत्या तोंडानं म्हणायचं? ती उंबऱ्यापाशी घुटमळली.

“नाना, घरी मी तिला काय शिकवू?”

नानांनी तिचा उजवा हात हातात घेतला, उताणा केला. तळव्यावर दोरीचा लाल वळ उठला होता. अंगठ्यानं त्यांनी तो चाचपून पाहिला...

“घरी धरशील तवा मधनंमधनं हात बदलत जा.”