उघडी बाजू

फार मागे, खाडीच्या मुखाशी एक गाव होतं. गाव आणि पाणी यांच्यामध्ये खारफुटीचं दाट रान होतं. तिथे धाकू नावाचा एक कोळी राहत असे. होडी थेट दारापाशी लागावी म्हणून त्याने आपल्या घरासमोरची झाडं तोडली. त्याचं पाहून इतरांनीही जळणासाठी कुऱ्हाडी चालवल्या. काही वर्षांत किनारा उघडा पडला आणि प्रत्येक उधाणाबरोबर काठ ढासळू लागला.

धाकूच्या शेजारी आवडी नावाची विधवा राहत होती. तिची माडाची वाडी पाण्यात गेली, तेव्हापासून तिने धाकूशी बोलणं टाकलं.

खाडीपलीकडे खारफुटीतली कांदळाची झाडं अजून उभी होती. तिथल्या कोंब फुटलेल्या शेंगा आणून आवडीने आपल्या घरासमोरच्या चिखलात रोवल्या. बऱ्याच वाहून गेल्या, काही खेकड्यांनी कुरतडल्या. ती पुन्हा लावत राहिली. हळूहळू रोपांनी मूळ धरलं.

पुढच्या पावसाळ्यात मोठं उधाण आलं. आवडीच्या रोपांपुढे पाणी मंदावलं. पण धाकूच्या उघड्या बाजूने आत शिरलं, मागून वळलं आणि आवडीचा गोठा घेऊन गेलं. गाय तेवढी वाचली.

शेजारणी म्हणाल्या, "त्याच्या पापाची फळं तू का भोगावीस? हे गाव सोड."

पुढच्या ओहोटीला आवडी शेंगांची टोपली घेऊन धाकूच्या घरासमोरच्या चिखलात उतरली.

धाकू काठावर आला. "वहिनी, माझ्यावर उपकार करतेस?"

"उपकार नाहीत," इतक्या वर्षांनी ती त्याच्याशी बोलली. "पाणी तुमच्याकडून येतं आणि माझं घर नेतं."

"इथे झाडं आली, तर माझी होडी कुठे लागणार?"

"गावाच्या धक्क्याला. थोडं चालावं लागेल."

धाकू रागाने घरात निघून गेला. त्याने रोपं उपटली नाहीत, पण हातभारही लावला नाही. महिन्याभराने त्याच्या ओटीखालची माती खचली आणि भिंतीला तडा गेला. त्या दिवशी त्याने होडीतून पलीकडच्या तीरावरून शेंगा आणल्या आणि होडी धक्क्यावर नेऊन बांधली. मग शेंगा घेऊन तो आवडीच्या शेजारी चिखलात उभा राहिला.

"किती खोल रोवायची?" त्याने विचारलं.

"ताठ उभी राहील इतकी," ती म्हणाली.

गावातले बाकीचेही मग एकेक करून उतरले. रान पुरतं वाढायला बरीच वर्षं लागली. आवडीची वाडी काही परत आली नाही आणि ते दुःख ती विसरली नाही. पण पुढे वादळ आलं, तेव्हा लाटा मुळांच्या जाळ्यात अडकून थकल्या, आणि त्या काठावरचं एकही घर गेलं नाही.

शेजाऱ्याची बाजू उघडी ठेवून आपलं घर राखता येत नाही.