जमिनीवरची ताटली

नगरकडच्या मुलखात, पाटाच्या कडेला तांबडवाडी नावाचे गाव होते. तिथल्या ख्रिस्ती आळीत, कौलारू देवळाच्या ओसरीवर नम्रदास महाराजांनी मुक्काम केला होता. अंगात भगवी कफनी, खांद्याला एकतारी आणि तोंडी प्रभू येशूचे नाव, एवढाच महाराजांचा संसार. कुणी भाकरी आणून दिली की ती घ्यायचे आणि घेऊन लगेच कुठेतरी चालू लागायचे. ती कुणाच्या पोटात जायची ते गावाला ठाऊक होते. त्या वर्षीच्या नाताळात तिथे जे घडले ते सांगताना आजही अंगावर काटा येतो. म्हणून ही कथा लेकरांना जवळ घेऊन ऐकावी.

आळीत साळव्यांचे मोठे घर होते आणि घरात दोन जावा. धाकटी सुवार्ता, नवरा गेल्यापासून थोरलीच्या शब्दाखाली राहणारी. महाराजांवर तिची फार श्रद्धा. नाताळ जवळ आला की ती कोनाड्यात मातीची रिकामी गव्हाणी मांडायची. घरातल्या ज्या लेकराने आपल्या आवडीचे काही दुसऱ्याला देऊन टाकले असेल, त्याने तिच्यात गवताची एक काडी ठेवायची. नाताळला बाळ येशू त्या गवतावर निजणार. त्याला मऊ लागणार की टोचणार ते लेकरांच्या हातात. तिच्या योनाने आपला भोवरा देऊन टाकला तेव्हा तो दिवसभर मुसमुसत होता, आणि काडी ठेवताना मात्र कानापर्यंत हसला.

थोरल्या राहेलबाईंना हे मुळीच बघवत नसे. घरात धान्याला जागा पुरत नव्हती, पण बाईंचा हात आखडता. आपल्या दारातून कुणी रिकामे जात नाही असे त्या चारचौघांत सांगत. काय घेऊन जाते ते मात्र सांगत नसत. करपलेली भाकरी, विटायला आलेले कालवण, उंदराने कुरतडलेला गूळ, असे जे घरात कुणी खाणार नाही ते कोठीच्या खोलीत जमिनीवर एका जुन्या ताटलीत ठेवलेले असायचे. कुणी मागायला आले की ती ताटली बाहेर यायची. चांगलेचुंगले सगळे वर फळीवर, कुलुपाच्या डब्यात.

एकदा महाराज गव्हाणी बघायला घरात आले. राहेलबाई सुपातले गहू तशाच पाखडत राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "महाराज, आमच्या धाकटीला नादी लावलंत ते लावलंत, पोरांना तरी भिकेला लावू नका. ज्याच्या घरात काही नाही त्यालाच दान सुचतं."

सुवार्ताच्या डोळ्यांत पाणी आले. महाराज रागावले नाहीत. बाईंची लेक एस्तेर दाराआड उभी होती. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी, नवसासायासाने झालेली ती एकुलती एक पोर. महाराजांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून विचारले, तुझी काडी कुठली गं? एस्तूने मान खाली घातली. राहेलबाईंनी तिला दंडाला धरून आत नेले आणि दार ओढून घेतले.

ते ऊसतोडीचे दिवस होते. लांबून आलेल्या तोडकऱ्यांनी पाटापलीकडे पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या केल्या होत्या. आईबाप दिवसभर उसाच्या फडात, आणि त्यांची लेकरे कोप्यांपुढच्या धुळीत. थंडीत उघडीच असायची बिचारी.

नाताळच्या आदल्या दिवशी, उन्हे कलायला लागली तेव्हा राहेलबाई कोठीत शिरल्या. फराळाच्या वासाने उंदरांनी उच्छाद मांडला होता, म्हणून त्यांच्या यजमानांनी बाजारातून औषध आणून दिले होते. बाईंनी ते भाजलेल्या पिठात आणि गुळात कालवले होते. हाताला सवय लाडवांची, त्यामुळे गोळेही लाडवासारखेच गोल गरगरीत वळले गेले. ते त्यांनी जमिनीवरच्या ताटलीत ठेवले होते. उंदरांनी किती खाल्ले ते बघावे म्हणून त्या वाकल्या.

ताटली जागेवर नव्हती.

आधी त्यांना सुवार्ताचा राग आला. हिनेच उचलली असणार, सगळीकडे लुडबुड. पण सुवार्ता सकाळपासून देवळात झाडलोट करत होती. मग त्यांनी एस्तूला हाक मारली. पुन्हा मारली. घर शांत होते. कोनाड्यापाशी योना एकटा बसला होता, हातात गवताची एक काडी घेऊन.

"ही एस्तूची आहे, मोठी आई," तो म्हणाला. "ती कोप्यांवर गेली. आल्यावर स्वतः ठेवणार आहे, मला नुसती धरायला सांगितलीय."

ती काय घेऊन गेली, असे बाईंनी विचारले. विचारताना त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.

"लाडू. डब्यातले नाही घेतले हं तिनं, आई मारेल म्हणाली. ती जमिनीवरची ताटली असती ना आपली, द्यायची, त्यातले नेले."

राहेलबाई तशाच अनवाणी धावत सुटल्या. उंबऱ्याला ठेच लागली, नख उचकटले, त्यांना कळलेसुद्धा नाही. एस्तू लहान, पण तिने घरात बघितले ते बरोबर बघितले होते. फळीवरचे आपल्याला, जमिनीवरचे दुसऱ्यांना. पोरीने आईचाच वसा चालवला होता. आणि ती ते लाडू वाटून गप्प बसेल थोडीच? लेकरांबरोबर एक आपल्याही तोंडात टाकेल. हे मनात आले तशा त्या उसाच्या कडेला खाली बसल्या, मग पुन्हा उठून धावू लागल्या.

बांधावर एक फुटका गोळा पडलेला होता. पोरीच्या हातून निसटला असावा. त्याच्या शेजारी कुणाचीतरी कोंबडी पडली होती, पाय ताठ, चोच उघडी, चोचीला पीठ. बाईंनी तिला पायाने हलवून बघितले. ती हलली नाही.

पुढची वाट त्यांनी कशी काटली ते त्यांना कधीच सांगता आले नाही. दोन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस. पाते हलले की त्यांना वाटे, कुणीतरी रडते आहे. आणि कुणी रडत नाही असे कळले की त्याहून जास्त भीती वाटे. देवाचा धावा करावा तर काय म्हणून करावा? प्रभूपाशी मागायला तोंडच उरले नव्हते. आपल्या लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेल्या तर त्यांना ती कोंबडीच दिसे.

पाट ओलांडून त्या कोप्यांपुढे आल्या. तिथे जराही गलका नव्हता. लेकरांचा घोळका आणि गलका नाही, म्हणजे काय समजायचे? बाईंनी डोळे मिटून घेतले. बघायची हिंमत होईना.

"या राहेलबाई," कुणीतरी शांतपणे म्हणाले. "तुमच्यासाठीच थांबलो होतो."

बाईंनी डोळे उघडले. धुळीत सगळी लेकरे ओळीने मांडी घालून बसली होती. प्रत्येकाच्या ओंजळीत एकेक गोळा. ओठ कोरडे, नजर त्या लाडवावर खिळलेली, पण एकानेही तो तोंडाला लावला नव्हता. ओळीच्या टोकाला एस्तू, तिच्याही ओंजळीत तसाच. आणि तिच्या शेजारी नम्रदास महाराज. त्या दिवशी त्यांना शेजारच्या गावी प्रार्थनेला जायचे होते, बैलगाडी जुंपून तयार होती; आणि गाडीत पाय ठेवता ठेवता ते उतरून कोप्यांकडे निघून आले होते. का, ते त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. लेकरांना मात्र एवढेच सांगितले होते की एक जण यायचे राहिले आहे, ते येईतो कुणी खायचे नाही.

बाई नुसते हात हलवू लागल्या. महाराज लेकरांकडे वळले.

"बाळांनो, ज्यांची वाट बघत होतो त्या आल्या. आता तुमच्या हातातलं सगळं यांच्या पदरात घाला."

काय सांगावे त्या लेकरांचे! सकाळपासून पोटात काही नाही, हातात आलेला लाडू, आणि समोर लुगड्यातली धनाढ्य बाई. पण एकेक लेकरू उठले आणि आपला लाडू राहेलबाईंच्या पदरात टाकून जागेवर जाऊन बसले. कुणी का म्हणून विचारले नाही. एक अगदी धाकटी, नाकातून शेंबूड गळणारी पोर तेवढी मूठ घट्ट मिटून उभी राहिली. मूठ तोंडाकडे जाते की काय, या धास्तीने बाईंनी पदर पुढे केला. पोरीने त्यांच्या तोंडाकडे बघितले. या बाईला आपल्यापेक्षा जास्त भूक लागली आहे असे तिला वाटले असावे. तिने मूठ उघडली.

पदराची गाठ मारता मारता बाईंनी एस्तूला जवळ ओढले, तिचे तोंड उघडून बघितले, हात हुंगले. कुणी एखादा खाल्ला का, हे कसेबसे विचारले.

"एकच," एस्तू म्हणाली. "पहिला महाराजांना दिला. त्यांनी खाल्ला."

बाईंनी महाराजांकडे बघितले. त्यांच्या ओठांच्या कडेला पीठ होते.

"महाराज, ते उंदरांचं आहे," त्या म्हणाल्या. "त्यात विष आहे."

महाराजांनी मान हलवली, जणू हे त्यांना आधीच ठाऊक होते. "लेकरानं आयुष्यात पहिल्यांदा हात पुढं केला होता, बाई. तो मागं कसा लोटायचा?"

एवढे बोलून त्यांनी डोळे मिटले. चेहरा काळवंडत गेला, कपाळावर घाम डवरला. राहेलबाई त्यांच्यापुढे बसून राहिल्या. कुणाला बोलवावे, कुठे धावावे, काही सुचेना. ज्याला भिकारी म्हणून हिणवले तो आपल्या हातचे विष खाऊन आपल्यासमोर बसला आहे, आणि आपण बघतो आहोत. महाराजांचा श्वास जड झाला, मग ऐकू येईनासा झाला. फडातून तोडकरी परतू लागले होते; तेही काही न कळून लांबच थबकले. तेव्हा कुठे बाईंच्या तोंडून शब्द निघाला. "प्रभू, माझं काय हवं ते घे. यांना ठेव." देवापुढे स्वतःचे काही देऊ केले ते बाईंनी जन्मात पहिल्यांदाच.

महाराजांनी डोळे उघडले. घाम पुसला, घोटभर पाणी मागून घेतले आणि हसून म्हणाले, "गूळ मात्र हात राखून घातलात, बाई."

धन्य ते महाराज! राहेलबाईंनी त्यांच्या पायांवर डोके घातले आणि मोठ्याने रडू लागल्या. आईला रडताना बघून एस्तू घाबरली. आपल्या हातून काय चुकले, ते ती पुन्हा पुन्हा विचारू लागली. बाईंनी तोंड वर केले.

"तू नाही चुकलीस, बाळा. तुला शिकवणारी चुकली."

महाराजांनी ते विष खोल पुरायला लावले, आणि लेकरांना स्वतः पाटावर नेऊन त्यांचे हात राख लावून धुतले. तेवढ्यात, एस्तू ताटलीतले लाडू घेऊन गेली आणि मोठी आई अनवाणी धावली एवढे योनाकडून कळून सुवार्ता धापा टाकत तिथे आली. एस्तूला धड उभी बघून तिने लुगड्याचा बोळा तोंडात कोंबला. राहेलबाई उठल्या. कमरेच्या किल्ल्या सोडून त्यांनी तिच्या हातात दिल्या आणि फळीवरचा डबा इथे आणायला सांगितले, अख्खा. मग सगळ्या तोडकऱ्यांदेखत त्या थोरल्या जावेने वाकून धाकटीच्या पायांवर कपाळ टेकले. सुवार्ता पाय मागे घ्यायला गेली, पण बाईंनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवले होते.