शेवटची आंघोळ

फार फार वर्षांपूर्वी वाळवंटाच्या कडेला एक शहर होतं. नकाशात शोधू नका, सापडायचं नाही.

त्या शहरात सफूरा नावाची एक श्रीमंत विधवा राहायची. तिनं आपली हवेली अल्लाच्या नावानं आजारी बायकांसाठी वक्फ केली, म्हणजे कायमची दान दिली. गावच्या बायका तिथं सेवेला येत. कुणी काढे उकळी, कुणी जखमा धुई. एखादी बाई दगावली, तर तिला शेवटची आंघोळही याच बायका घालत. बाईच्या मयताला बाईनंच हात लावायचा, अशी रीत होती. नव्या मुलीनं आधी नुसतं पाणी ओतायचं, थोरलीचे हात बघायचे आणि भीती मोडली की पुढं व्हायचं.

शहराचा अमीर तसा भाविक, पण हलक्या कानाचा. एकदा जेवता जेवता परगावचा पाहुणा म्हणाला, "तुमच्याकडच्या बायका भलत्याच मोकळ्या हो! एकट्यादुकट्या फिरतात."

अमिराला ते झोंबलं. लगेच दवंडी पिटली गेली की बायकांनी घराबाहेर पडायचं नाही. हवेलीला कुलूप लागलं.

हुकूम असतानाही सफूरा दरबारात गेली. "हुजूर, पडद्यासाठी हे करताय ना? मग मेलेल्या बाईचा पडदा कोण राखणार?"

"खाला, तुमच्यासारख्या म्हाताऱ्या आहेत की! लागलं तर तुम्हालाच बोलावू."

"म्हाताऱ्या मरतात, हुजूर. आणि हे काम मुलींना घरात बसून येत नाही."

अमीर हसला, म्हणून दरबारही हसला. दरबाराला दुसरं येतं काय!

वर्षं गेली. सफूरा गेली, तिच्या सोबतिणीही एकेक करून गेल्या. मग तापाची साथ आली. बाप्यांकडे हकीम धावत होते. बायका मात्र बंद दारांआड पाणी पाणी करत मेल्या. आणि एका सकाळी अमिराची एकुलती एक लेक, आईविना वाढलेली रुमैसा, तीही गेली.

आता अमीर अनवाणी दारोदार फिरू लागला. "हुकूम मागं घेतला! कुणीतरी या. माझ्या पोरीला आंघोळ घाला!"

एका दाराआडून एक मुलगी रडत म्हणाली, "हुजूर, आम्ही कधी मयत शिवलेलं नाही. हात धजत नाही. साथीचंही भय वाटतं." बाकीच्यांनी आतून कड्या लावून घेतल्या.

ऊन चढत होतं. शेवटी काझीनं मान खाली घालून सांगितलं, "बापालाही लेकीचं मयत धुता येत नाही. धुवायला बाईच नसेल, तर घरच्या पुरुषानं पाण्याऐवजी कोरड्या मातीवर हात मारावेत आणि मयताच्या तोंडावरून, हातांवरून फिरवावेत. आपल्याला तेवढंच करता येईल."

अंगणातला हौद काठोकाठ भरलेला होता. त्याच्याशेजारी बसून बापानं मातीवर तळवे टेकले आणि लेकीच्या तोंडावरून फिरवले. तिच्या केसांत तापाचा लेप वाळला होता. तो तसाच तिच्यासोबत कबरीत गेला.

त्याच संध्याकाळी अमिरानं हवेलीचं कुलूप स्वतःच्या हातानं काढलं. दार उघडं राहिलं, पण सेवेला कुणी आलं नाही.

लहानांनो, थोरांनो, ध्यानात ठेवा: जे शहर बायकांच्या सेवेला कुलूप घालतं, त्याच्या अडल्या वेळी धावून यायला कुणी उरत नाही.