वज्रकपाळ हैबती

फार जुन्या काळी, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही इतक्या आधी, एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. नदीच्या उगमापाशी एक मोठं कुरण होतं. ते कुणाचं, यावरून दोन्ही राज्यं पिढ्यान् पिढ्या लढत आली होती. शेवटी दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी एक तोड काढली. दर तीन वर्षांनी प्रत्येक राज्याने आपला एक मुष्टियोद्धा रिंगणात उतरवायचा. जो जिंकेल त्याच्या राज्याची मेंढरं पुढची तीन वर्षं त्या कुरणात चरतील.

लढाया थांबल्या. शिपाई आपापल्या शेतावर परतले. आता मार खायचा तो फक्त दोघांनी.

अलीकडच्या राज्यात हैबती नावाचा मुष्टियोद्धा होता. बाळांनो, तो सलग पाच वेळा रिंगणात उतरला आणि पाचही वेळा जिंकला. त्याची लढायची रीतच वेगळी होती. समोरच्याचा ठोसा तो चुकवत नसे. कपाळावर घेई, हसे, आणि एक पाऊल पुढे टाकी. ते हसू पाहूनच समोरच्याचं अर्धं बळ जाई. राजाने त्याला सोन्याचं कडं दिलं आणि ‘वज्रकपाळ’ असा किताब दिला.

वय झाल्यावर हैबती रिंगणातून उतरला आणि आखाड्याचा वस्ताद झाला. तालीम संपली की तरुण गडी त्याच्याभोवती बसत.

“वस्ताद, एवढा मार खाल्लात, डोकं कधी दुखलं नाही?” कुणीतरी विचारी.

“दगड दुखतो का रे कधी?” हैबती म्हणे. मग सगळे हसत, आणि तोही हसे.

पण घरचं चित्र निराळं होतं.

रिंगण सोडल्याच्या दुसऱ्या वर्षापासून त्याच्या कानात माशी शिरल्यासारखी गुणगुण सुरू झाली. मग माणसांची नावं निसटू लागली. मग डावा हात थरथरू लागला. तो हात तो खांद्यावरच्या उपरण्यात गुंडाळून ठेवी. एकदा तो बाजारात गेला आणि परतीचा रस्ताच विसरला. विहिरीपाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना रामराम करत राहिला, कारण थांबल्याचं दुसरं काही कारण त्याला सांगता येत नव्हतं. त्याची बायको सगुणा शोधत आली तेव्हा दुपार कलली होती.

तेव्हापासून सगुणा त्याच्या एक पाऊल पुढे चाले. लोक थट्टा करत, “वज्रकपाळाला बायको ओढून नेते बघा!” ती हसून म्हणे, “मला घाई असते.”

घरी मात्र ती त्याला सांगे, “अहो, पोरांना खरं काय ते सांगा. ती तुमचंच बघून शिकतात.”

“काय सांगू?” हैबती चिडून म्हणे. “पाच वेळा जिंकलेल्या माणसाला स्वतःचं घर सापडत नाही, हे सांगू?”

ती उपरणं त्याच्या हाताभोवती नीट गुंडाळून देई.

आखाड्यात बिरू नावाचा एक गडी होता. बावीस वर्षांचा, मेंढपाळाच्या घरचा. त्याच्या भाऊबंदांची सगळी मेंढरं त्या कुरणावर जगत. त्याच्यासारखा चपळ गडी हैबतीने आयुष्यात पाहिला नव्हता. वाऱ्याची झुळूक चुकवावी तसा तो ठोसा चुकवी. पण बिरूला चुकवायचं नव्हतं. त्याला वस्तादासारखं व्हायचं होतं. हळूहळू तोही ठोसा कपाळावर घ्यायला शिकला, हसायला शिकला, आणि एक पाऊल पुढे टाकायला शिकला.

हैबतीने हे पाहिलं. त्याला तेव्हाच अडवायला हवं होतं. पण लोक म्हणू लागले, “हुबेहूब वज्रकपाळ!” आणि ते ऐकून म्हाताऱ्याला बरं वाटलं. त्याने बिरूची पाठ थोपटली.

लढतीचा दिवस उजाडला. नदी पायी ओलांडायच्या उताराजवळच्या माळावर दोन्ही राज्यांची माणसं लोटली. दोन बाजूंना दोन राजे बसले. मध्ये दोरखंडाने आखलेलं रिंगण. नियम दोनच होते. पडलेला गडी नगाऱ्याच्या दहा ठोक्यांत उठला नाही तर तो हरला. किंवा त्याच्या वस्तादाने आपलं उपरणं रिंगणात फेकलं तर तो हरला. पण उपरणं फेकलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. ते फेकणाऱ्याला पुन्हा तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

पलीकडचा योद्धा रुंद खांद्यांचा आणि अबोल होता. त्याने ना मांडीवर थाप मारली, ना आरोळी दिली. नगारा वाजला तसा तो पुढे आला आणि बिरूच्या डाव्या कानशिलावर एक ठोसा मारून मागे सरला. मग पुन्हा तिथेच. मग पुन्हा तिथेच.

बिरू हसला आणि एक पाऊल पुढे गेला.

“वज्रकपाळ! वज्रकपाळ!” लोक ओरडले. हैबतीची छाती भरून आली.

तिसऱ्या फेरीत बिरूने त्या अबोल योद्ध्याला दोनदा खाली पाडलं. दोन्ही वेळा तो उठला, अंगावरची माती झटकली आणि पुन्हा त्याच कानशिलावर ठोसा मारला. चौथ्या फेरीत बिरूचं हसू थोडं उशिरा आलं. पाचव्या फेरीत त्याने पाऊल टाकलं ते पुढे न पडता बाजूला पडलं. लोकांना ते दिसलं नाही. हैबतीला दिसलं.

फेरी संपली. बिरू येऊन पाटावर बसला. हैबतीने त्याच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला.

“कितवी फेरी झाली, वस्ताद?”

“पाचवी.”

बिरू दोन घोट प्याला. मग मान वर करून त्याने विचारलं, “कितवी फेरी झाली, वस्ताद?”

हैबतीच्या हातातला तांब्या थांबला. त्याच सकाळी त्याने सगुणेला तीनदा विचारलं होतं, “आज आपण कुठे निघालोय?” तिने तिन्ही वेळा न रागावता सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगताना तिच्या तोंडावर जे आलं होतं, तेच आता आपल्या तोंडावर आलं असेल, हे त्याला कळलं.

त्याने वाकून बिरूच्या डोळ्यांत बघितलं. एका डोळ्यातली बाहुली मोठी झाली होती.

“बिरू, आपण इथे कशाला आलोय?”

“मेंढरं,” बिरू म्हणाला. “मेंढरं पाण्यावर न्यायचीत.”

नगारा वाजला. तो आवाज ऐकताच बिरू उठून उभा राहिला. हैबतीने त्याचं मनगट धरलं. “बस खाली. पुरे झालं.”

बिरूने मान झटकली आणि क्षणभर त्याची नजर स्वच्छ झाली. “सोडा, वस्ताद. माझ्या माणसांचं कुरण आहे. आणि तुम्ही तर याच्या दसपट मार खाल्लात. तुम्हाला कुठे काय झालं?”

हैबतीची पकड सुटली आणि बिरू रिंगणात गेला.

उपरणं खांद्यावर होतं. त्याच्या घडीत डावा हात लपलेला होता. उपरणं काढलं तर हात उघडा पडेल. हजारो माणसं बघत होती. राजा बघत होता. समोर ठोसा बसला. बिरू हसला नाही. हैबतीला वाटलं, अजून थोडं थांबावं. कदाचित पोरगा सावरेल. कदाचित समोरचाच पडेल. दुसरा ठोसा बसला. बिरूचे हात खाली आले. तो नुसता उभा होता, उन्हात विसरून ठेवलेल्या खांबासारखा.

हैबतीने उपरणं ओढून काढलं आणि फेकलं.

ते हलकं कापड वाऱ्याने फिरलं आणि दोरखंडाच्या बाहेरच पडलं. कुणाचंच लक्ष गेलं नाही. अबोल योद्ध्याने मूठ मागे घेतली. तेव्हा तो साठीचा म्हातारा दोरखंड ओलांडून आत शिरला आणि दोघांच्या मध्ये उभा राहिला. ठोसा त्याच्या खांद्यावर बसला. तो गुडघ्यावर आला, पण बाजूला झाला नाही.

“हरलो!” तो ओरडला. “आम्ही हरलो! थांबा!”

माळावर एकच गदारोळ उठला. मेंढपाळ काठ्या उगारून पुढे आले. राजा आसनावरून उठला.

“हैबती! गडी पायावर उभा असताना हार मानलीस? कुरण घालवलंस! तू स्वतः याहून कितीतरी जास्त मार सोसून उभा राहिला होतास!”

बिरू हैबतीच्या खांद्यावर कोसळला होता आणि रडत होता. “का केलंत, वस्ताद? का?”

हैबतीने त्याला हळूच मातीवर निजवलं. मग तो उठला आणि आपला डावा हात सगळ्यांना दिसेल असा वर केला. हात पानासारखा थरथरत होता.

“महाराज, मी तुमच्याशी खोटं बोलत आलो. या पोरांशीही खोटं बोललो. मला युवराजांचं नाव विचारा.”

“हे काय भलतंच?”

“ते लहान असताना मी त्यांना या खांद्यावर बसवून फिरवलंय. आज ते तुमच्या शेजारी बसलेत आणि मला त्यांचं नाव आठवत नाही. आज इथवर बायकोने आणलं म्हणून आलो. प्रत्येक ठोसा माझ्या डोक्यात राहिलाय, महाराज. मी तो हसण्याखाली झाकला. हा पोरगा माझं ते हसू खरं मानून मरायला निघाला होता.”

गर्दीतून सगुणा पुढे आली आणि नवऱ्याच्या बाजूला, यावेळी त्याच्या बरोबरीने, उभी राहिली.

मग पलीकडच्या राज्याच्या बाजूने एका बाईचा आवाज आला. “माझा धनी तुमच्याशी लढला होता, हैबतीराव. तेव्हापासून तो अंगणात बसून असतो. मला आई म्हणून हाक मारतो. गावाने त्याला वेडा ठरवलं. मला वाटायचं, माझंच काही चुकलं असेल.”

हैबतीने तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. रिंगणात उभ्या असलेल्या अबोल योद्ध्याने हळूच स्वतःचं कानशील चाचपून पाहिलं.

पण नियम तो नियम. कुरण तीन वर्षांसाठी गेलं. मेंढपाळांना घाट उतरून लांबच्या रानात जावं लागलं आणि वाटेत पुष्कळ कोकरं दगावली. जाताना त्यांच्यातल्या एकानेही हैबतीकडे वळून पाहिलं नाही. राजाने किताब काढून घेतला. हैबतीने कडं आपणहून उतरवून दिलं.

बिरू अकरा दिवस अंथरुणाला खिळून होता. वैद्य म्हणाले, “त्याच जागी आणखी एक बसला असता, तर माझ्याकडे आणायची गरजच उरली नसती.” तो बरा झाला, पण डावा कान कायमचा गेला. वर्षभर त्याने वस्तादाच्या दारात पाऊल टाकलं नाही.

एके दिवशी तो आला. मनात बरंच काही बोलायचं ठरवून आला होता. हैबती अंगणात बसला होता. त्याने डोळे बारीक करून विचारलं, “कोण पाहुणे?”

बिरूला वाटलं, वस्ताद रागाने बोलतायत. मग त्याने सगुणेकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली. बिरू खाली बसला आणि म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवून कितीतरी वेळ तसाच राहिला.

पुढे आखाडा बिरूने चालवला. नव्या गड्याला तो सगळ्यात आधी ठोसा चुकवायला शिकवी. त्याच्याही आधी तो त्याला हैबतीच्या अंगणात नेई, शेजारी बसवी आणि म्हणे, “हे माझे वस्ताद. पाच वेळा जिंकले. आता यांच्याशी दोन घटका बोल.” काही गडी तिथूनच घरी जात. बिरू त्यांना थांबवत नसे.

त्या बाईची आणि हैबतीची हकिकत दोन्ही राजांच्या मनात घर करून राहिली. तीन वर्षं भरायच्या आत दोघे एकत्र बसले आणि नवा नियम ठरला. मानेच्या वर कुणी हात उचलायचा नाही, आणि वस्तादाने ‘थांबा’ म्हटलं की नगाराही थांबायचा. पुढच्या खेपेला कुरण कुणी जिंकलं, यावर दोन्ही काठांचे लोक अजूनही वाद घालतात. पण दोन्ही गडी त्या संध्याकाळी आपापल्या आईशी हसत बोलत जेवायला बसले होते, याबद्दल कुणाचंच दुमत नाही.

तेव्हा लहानांनो आणि थोरांनो, एवढं लक्षात ठेवा: जो आपल्या विजयाच्या जखमा लपवतो, तो त्या आपल्यामागून येणाऱ्यांच्या अंगावर घालतो.