देव भुकेला आला

गोदावरीच्या खोऱ्यातल्या करंजदरा गावी अंद्रिया महाराज राहत असत, त्या काळची ही गोष्ट. महाराज ख्रिस्ती वस्तीतले, पण अख्खे गाव त्यांना महाराजच म्हणे. डोक्याला फेटा, हातात एकतारी. ते येशूच्या कीर्तनाला उभे राहिले, की रस्त्याने जाणारा गाडीवान बैल थांबवून ऐकत बसे. असा गोड माणूस!

नाताळ तोंडावर आला होता. महाराजांनी ख्रिस्तजन्माचे आख्यान लावले. "बादशहाने शिरगणतीचा हुकूम काढला," महाराज सांगू लागले, "आणि दिवस भरलेली मरिया योसेफाबरोबर बेथलेहेमला निघाली. उतारशाळेत जागा मिळेना. शेवटी गुरांच्या जागी बाळंत झाली आणि बाळाला गव्हाणीत निजवले. देवाचे लेकरू, पण जन्मले तेव्हा भुकेने रडलेच की! जगाला जेवू घालणारा आईच्या दुधासाठी तोंड वासून रडतो आहे, हा खरा नाताळ. आणि ही बातमी देवाने पहिल्यांदा धाडली कुणाकडे? हेरोद राजाकडे? याजकांकडे? छे. रानात मेंढरे राखणाऱ्यांकडे."

पुढच्या रांगेत मंडळीचे पंच एलियाजी बसले होते. माणूस कर्तबगार, पण आपल्याला चार गोष्टी जास्त कळतात, हे लोकांना कळल्यावाचून त्यांना चैन पडत नसे. ते म्हणाले, "महाराज, पण पंचवीस डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानात कुठे आहे?"

"नाहीच आहे," महाराज हसून म्हणाले. "जुन्या मंडळींनी धरली. थंडीत दिवस लहान लहान होत जातो आणि मग पुन्हा वाढायला लागतो, त्या सुमाराचा हा दिवस. अंधार सरू लागला, तर आता उजेडाचा जन्म साजरा करू, असे त्यांच्या मनाने घेतले असेल. एखाद्या आईला लेकराची तारीख आठवत नसली, म्हणून ती त्याचे कौतुक करायचे सोडते का?"

ख्रिस्ती देवळाच्या दाराबाहेर, चपलांच्या शेजारी, ठकूबाई ऐकत होती. ती धनगराची. शेताला खत मिळावे म्हणून गावकऱ्यांनी तिच्या घरची मेंढरे पांदीकडच्या रानात बसवली होती. दिवाळीच्या सुमाराला तिचे तान्हे बाळ तापाने गेले. तेव्हा महाराज तिच्या पालावर जाऊन तिच्या सासऱ्याशेजारी बसून राहिले होते. त्या दिवसापासून ठकूबाई त्यांचे एकही कीर्तन चुकवत नसे.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी ती देवळात आली. कमरेला लोकरीचे गाठोडे होते. आत एलियाजींची नाटकाची तालीम चालली होती. वस्तीतली पोरे नवी कोरी घोंगडी पांघरून, रंगवलेल्या काठ्या घेऊन मेंढपाळ झाली होती. गव्हाणीत निजवायला एलियाजींनी आपला नातूच ठरवला होता. त्यांची लेक रूथ पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिचाच हा तान्हा.

"बाळाच्या अंगाखाली घालायला लोकर आणलीय, दादा," ठकूबाई म्हणाली.

एलियाजींनी नाकाला उपरणे लावले. "अगं, मेंढरांचा हा वास घेऊन देवळात कुठे शिरतेस? उद्या पाहुणे यायचेत. आणि तुझा बाप्तिस्मा तरी झालाय का? जा बाई, मेंढपाळ आमच्याकडे आहेत पुरेसे."

पोरे फिदीफिदी हसली. ठकूबाईने गाठोडे उंबऱ्याबाहेर ठेवले आणि खाली मान घालून ती निघून गेली. मंडळी, खरी धनगरीण दारातून परत गेली आणि खोट्या मेंढपाळांची तालीम पुढे चालू राहिली!

महाराज खांबाशी उभे होते. ते एवढेच म्हणाले, "एलियाजी, त्या पहिल्या मेंढपाळांचा बाप्तिस्मा कुणी केला होता, तेवढे मला शोधून सांगा." एलियाजी पोरांच्या रांगा लावायला वळले.

नाताळची सकाळ उजाडली आणि एलियाजींच्या घरात रडारड सुरू झाली. रूथला दोन दिवस ताप होता, तो रात्रीतून चढला आणि तिचे दूध पार आटले. शेळीचे दूध पाजावे तर बाळ ओकून टाकी. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी पाहून सांगितले, की अंगावरचे दूध मिळाले तरच लेकरू तगेल. वस्तीत तेव्हा दुसरी पाजणारी बाई नव्हती. एलियाजींच्या तोंडचे पाणी पळाले. ते धावत महाराजांकडे आले.

"चला ठकूबाईकडे," महाराज म्हणाले.

"महाराज, तिचे मूल जाऊन किती दिवस झाले! तिला आता कुठले दूध?"

"ते देव बघेल. बाळाला तुम्ही उचला. मी उचलणार नाही."

पांदीपर्यंत एलियाजींनी त्या लेकराला छातीशी धरून नेले. ठकूबाई कोकरांना पाला टाकत होती. सगळे ऐकून तिचा चेहरा कसनुसा झाला. "महाराज, माझं तर कवाच आटलं," ती म्हणाली. पण बाळ तिने घेतले. घेतल्यावर तिला राहवेना, तिने त्याला छातीशी लावले.

महाराज मेंढरांच्या वाड्यातच गुडघे टेकून बसले आणि डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, तूही एकदा असाच उपाशी रडला होतास. विसरला नसशील."

बाळ तोंड लावी आणि सोडून देई. ठकूबाईने पालात जाऊन आपल्या गेलेल्या लेकराची कुंची आणली. "कोकरू मेलं अन् दुसरं एखादं पोरकं असलं, तर आमी मेलेल्याचं कातडं त्याच्या अंगावर बांधतो," ती सांगू लागली. "मग मेंढी त्याला हुंगते, अन् आपलं म्हणून पाजते." तिने ती कुंची बाळाच्या डोक्यावर बांधली, त्यावर नाक टेकले आणि ती ढसाढसा रडली. आणि काय सांगू, रडता रडताच तिला पान्हा फुटला! बाळ चुटुचुटु पिऊ लागले.

महाराजांचे डोळे वाहत होते. ते म्हणाले, "देवाने तरी दुसरे काय केले? तो माणसाचे कातडे पांघरून आला. आपण त्याला परका म्हणू नये, आपला म्हणून जवळ घ्यावे, एवढ्यासाठी."

एलियाजी महाराजांच्या पायांशी वाकले. महाराज झटकन मागे सरले. "माझे कशाला धरता? मी काय पाजले?"

तेव्हा एलियाजी वळले. त्यांनी डोक्यावरची पगडी काढून लेंड्यांनी भरलेल्या जमिनीवर ठेवली आणि ठकूबाईच्या मळक्या पावलांवर कपाळ टेकले. "माय, मी तुला दारातून हाकलले," म्हणून ते मोठमोठ्याने रडू लागले.

ठकूबाईने बाळावर पदर ओढून घेतला. "दादा, रडायचंच असंल तर जरा तिकडं जाऊन रडा," ती हळूच म्हणाली. "लेकराचा आत्ता कुठं डोळा लागलाय."