ओढीचा आकडा

"त्याला काढणार की नाही, एवढंच सांगा बाई!"

शाल्मली गुरव दारातच उभी होती. 

सबनीसबाई खिडकीशी चहा घेत होत्या. टेकडीवरच्या त्या प्रयोगशाळेत त्यांचाच शब्द शेवटचा.

"महिनाभर हेच चाललंय. सोडियमचे अणू माझे, पोटॅशियमचे दिगंबरचे. दोन्ही पार गोठवून एका सापळ्यात आणायचे, चुंबकानं त्यांची एकमेकांकडची ओढ वाढवायची, की जोड्या जमल्या. आणि होतं काय? अणूंचे दोन्ही ढग गायब! त्याच्याच कामात खोट आहे. आज सगळ्यांदेखत सुनावलं मी त्याला. म्हटलं, तुझ्याच्यानं हे व्हायचं नाही, गाशा गुंडाळ."

"मग?"

"गेला उठून. जिन्यात बसलाय."

बाईंनी कप ठेवला. "चल. दाखव."

यंत्रापाशी येताच शाल्मलीनं तावातावानं चुंबकाचा प्रवाह वाढवला. ओढ जिथे सगळ्यात जास्त, थेट तिथवर.

पडद्यावर चित्र उमटलं. रिकामं.

"बघितलंत?"

"ओढ किती ठेवलीस?"

"पुरेपूर! कमी कशाला ठेवू?"

"पुरेपूर..." बाईंचा आवाज एकदम चढला. "अगं, तुटून पडले ते एकमेकांवर! आदळले आणि सापळ्याबाहेर फेकले गेले. महिनाभर हे तू करतेयस, आणि जिन्यात तो बसलाय?"

बाईंनी आजवर शाल्मलीवर कधी आवाज चढवला नव्हता.

बाईंनी सापळा नव्यानं भरला आणि प्रवाह उतरवत आणला. एका आकड्यावर थांबल्या. शाल्मलीला तो आकडा ठाऊक होता. तिथे ओढही नाही, ढकलणंही नाही.

"इथे काय मिळणार?" ती उसळून म्हणाली. "इथे तर ते एकमेकांना विचारतसुद्धा नाहीत!"

नवं चित्र उमटलं.

दोन्ही ढग. एकाच जागी, एकात एक मिसळून.

शाल्मली बघतच राहिली...

"इथून पुढे न्यायचं त्यांना," बाई म्हणाल्या. "सावकाश."



"जाते. मागते त्याची माफी," शाल्मली दातओठ खात म्हणाली. "पण राग गेलेला नाही माझा. खोटं नाही बोलणार."

"माफी कोण मागायला सांगतंय? रागाचं कोण विचारतंय?" बाई कडाडल्या. "जा, नुसती त्याच्या शेजारी बस."