गोजरामायचा हादगा

देवीशपथ सांगतो, ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. माझ्या पणजोबांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. आता पणजोबा तेव्हा पाळण्यात होते आणि पाळणा दुसऱ्याच गावात होता, हे मान्य. पण पाळण्यातल्या पोराला कोण कशाला खोटं सांगेल? तेव्हा खरीच आहे. निदान बरीचशी.

फार वर्षांपूर्वी, आपट्याच्या पानांसाठी दुसऱ्याच्या बांधावर चोरून जावं लागत नव्हतं तेव्हा, आंबरटेक गावात गोजरा नावाची तेलीण राहत होती. गावाच्या डोक्यावर टेकडी, टेकडीवर टेकाई देवी. नवरात्रात घट बसले की देवीपुढं नंदादीप लागायचा, तो दसऱ्यापर्यंत विझू द्यायचा नाही. ही रीत सगळीकडंच असते. पण आंबरटेकची देवी जरा खोडीची. तिला शिळं तेल चालत नसे. रोज सकाळी गावच्या घाण्यावर तीळ गाळायचे आणि ताज्या तेलाची चरवी टेकडी चढून गुरवाच्या हाती द्यायची. हा मान तेल्याच्या घराचा. घाण्याची लाट, म्हणजे बैल ओढतो ते लांब लाकूड, तिला दुसऱ्या घरचा हात लागला की मान मोडला. आणि मान ज्याचा त्याचा घाणा, घाणा ज्याचा त्याचं गावात घर.

गोजराचा नवरा आदल्या साली वारला होता. नदीपलीकडं तिचा दीर लिंबाजी राहायचा. त्याचा स्वतःचा घाणा होता, तरी डोळा हिच्या घाण्यावर. घट बसायच्या आधीच तो येऊन म्हणाला, "वैनी, बाईमानसाचं काम न्हाई हे. मान माझ्याकडं द्या, भाकरी मी घालतो."

गोजरा म्हणाली, "भाकरी मला भाजता येती, भावजी."

घट बसले. चरवी वेळेवर टेकडीवर जाऊ लागली. आणि तिसऱ्या माळेला घाण्याचा म्हातारा बैल हणम्या फिरता फिरता खाली बसला, तो उठलाच नाही.

गावात बोंब झाली. हैबतराव पाटलांनी मोठ्या मनानं आपला बैल पाठवला. पण तो औताचा बैल. सरळ जायचं आणि बांधाला वळायचं, एवढीच त्याची विद्या. घाण्याला जुंपला तर दोन पावलं वळला, मग त्याला आपलं नांगराचं तास आठवलं. निघाला नाकासमोर. भिंत आडवी आली, तर भिंतीतून निघाला. मागं नुसती तुटकी दावी लोंबत. असं म्हणतात की तो तसाच नदी ओलांडून गेला आणि लिंबाजीचं अंगण नांगरून उभा राहिला.

त्यानंतर कुणी बैल देईना. ज्या घाण्यानं एक बैल खाल्ला आणि दुसऱ्याला वेड लावलं, तिथं कोण आपलं जनावर बांधील? गाव पारावर जमलं.

पाटील म्हणाले, "गोजरे, दिवा इझला तर घट उठायचे न्हाईत. दसरा न्हाई, शिलंगण न्हाई. लिंबाजीचं तेल आणू. तुझा मान गेला, पर गावाची लाज तरी ऱ्हाईल."

"दिवा इझलाय का, पाटील?"

"अजून न्हाई."

"मग आत्ताच कशाला रडताय? इझल्यावर या."

घरी येऊन तिनं पदर खोचला, उखळात तीळ ओतले आणि जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. अख्खं गाव पडक्या भिंतीतून बघत होतं. ती चार फेऱ्या फिरली आणि तिला असं गरगरलं की तोल जाऊन पेंडीच्या ढिगात पडली. लोक हसले. लिंबाजी तर पोट धरून म्हणाला, "वैनी, बैलाला शेपूट बी असतंय! त्ये इसरलात!"

गोजरानं तोंडावरची पेंड पुसली. खुंटीवर हणम्याची झापडं लटकत होती. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर ती बांधतात, ते उगाच नाही. तिनं ती काढली, झटकली आणि आपल्या डोळ्यांवर करकचून बांधली.

"चक्कर डोळ्यांना येती," ती म्हणाली. "पायांना न्हाई."

आणि चालू लागली. लाट कुरकुरली, हलली, फिरली. त्या सकाळी देवीला तेल मिळालं. दुसऱ्या सकाळीही मिळालं. असं म्हणतात की तिच्या चालण्यानं घाण्याभोवतीची जमीन घोट्याएवढी खोल गेली. काही जण गुडघ्याएवढी म्हणतात. मी भांडत नाही.

पण झापडं बांधून एकटं फिरायचं म्हणजे अवघड काम. गोल फिरणाऱ्याला कुठं पोचल्याचं सुखच नाही. खांद्याची सालं निघाली. पाय आपोआप थांबायचे आणि थांबलेत हेही तिला कळायचं नाही. मदत तर कुणाची घ्यायची नाही. हात लागला की मान मोडला, आणि लिंबाजी भिंतीशी टपून बसलेला.

ते दिवस हादग्याचे. पाटावर हत्तीचं चित्र काढून पोरी त्याच्याभोवती फेर धरतात, गाणी म्हणतात. एका सकाळी गावातल्या पोरी पडक्या भिंतीतून आत शिरल्या, हातात हात घातले आणि घाण्याभोवती फेर धरला. गाणं सुरू झालं. गोजराचे पाय गाण्याच्या ठेक्यावर पडू लागले.

लिंबाजी उसळला. "मोडला! मान मोडला!"

पोरींत थोरली होती कुंभाराची झेलू. जिभेला हाड नसलेली. ती फिरता फिरताच म्हणाली, "लाटेला हात लावला का कुणी? आमचा हादगा हाय, काका. हादगा खेळू नये असा बी कायदा केलाय का तुमी?"

"हादग्याला हत्ती लागतो! कुठाय हत्ती?"

"ही काय," झेलू म्हणाली, "चालतीय की!"

पारावर पुन्हा खल झाला. हादगा कुठं खेळावा, याला शास्त्राचा आधार कुणालाच सापडला नाही. मग रोज सकाळी घाण्याभोवती फेर, फेरात गोजरा आणि टेकडीवर तेल.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. लोक हत्यारं, अवजारं पूजत होते आणि गोजराचं अवजार म्हणजे तिचे पाय, ते सुजून टम्म झाले होते. गुरवानं वरून निरोप धाडला, वात तांबडी पडलीय. लिंबाजी तर आपल्या घाण्याचं तेल चरवीत भरून टेकडीच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला. तेल अजून उखळातच होतं, आणि गोजरा कोसळली.

पोरी थबकल्या. गोजरा जमिनीवरूनच ओरडली, "फेर का थांबला गं?"

पोरी रडत रडत फिरू लागल्या. आणि तेव्हा ते झालं. असं म्हणतात, आणि या ठिकाणी मीही म्हणतो, की लाट आपली आपण हलली. माणूस नाही, बैल नाही. कुरकुरत तिनं पुरता फेरा घेतला, मागून आली आणि वासरानं ढुशी द्यावी तशी गोजराच्या पाठीला लागली. हलकेच. जणू म्हणाली, चल.

गोजरा उठली. जू खांद्यावर घेतलं. तेल गळालं. तशीच, झापडं कपाळावर सारून ती टेकडी चढली, लिंबाजीच्या अंगावरून गेली आणि चरवी गुरवाच्या हाती दिली. ज्योत म्हणे कळसापर्यंत उठली. नदीपलीकडच्या लोकांना वाटलं, चंद्र चुकून सकाळी उगवला.

दुसऱ्या दिवशी घट उठले. पालखी वाजतगाजत शिवेबाहेर गेली, आपट्याची पूजा झाली. हैबतराव पाटलांनी पहिलं सोनं गोजराच्या हातात दिलं, सगळ्या गावासमोर तिच्या पाया पडले आणि म्हणाले, "गोजरामाय, चुकलो."

ती म्हणाली, "चुकलात ते असू द्या. तुमच्या बैलानं पाडलेली भिंत तेवढी बांधून द्या."

गोजरामाय जाऊन किती पिढ्या झाल्या. घाण्यावर आता एरवी तेल निघत नाही, गाव बाजारातून पिशवी आणतं. पण आंबरटेकमध्ये अजूनही कुणी पाटावर हत्ती काढत नाही. नवरात्रात पोरी सकाळी घाण्याभोवती हादगा खेळतात. शेवटचा फेर सगळ्या डोळे मिटून घेतात आणि एकही पोर धडपडत नाही. खिरापतही ठरलेली, तिळाची पेंड आणि गूळ. साऱ्यांना ती ठाऊक असते, तरी ओळखताना पोरी मुद्दाम लाडू, करंजी, शिरा म्हणत चुकत राहतात. आणि खंडेनवमीला गावातल्या सुना घाण्याला खांदा लावून मूठभर तीळ गाळतात. देवीचा दिवा त्या दिवशी त्याच तेलावर जळतो. हात कुणाचाही चालतो आता. घर सगळ्यांचंच झालं.

आता देवीची शपथ घेतली आहे, तर खोटं किती ते सांगून टाकतो. तुम्ही म्हणाल, लाट आपोआप फिरली ते. छे. ते आंबरटेकात कुणालाही विचारा. बैल भिंतीतून गेला तेही खरं. मी माझ्या पदरचं घातलं ते एवढंच, की पाटील पाया पडले. तसं काही झालं नाही. चुकलो असं कुणीच म्हणालं नाही. दसरा झाल्यावर गोजरामायनं माती कालवली आणि भिंत स्वतःच बांधली.